अण्णांच्या रेकॉर्डची पन्नाशी

खाली टॅक्सी येऊन उभी होती, दोन्ही बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि बाबा रेकॉर्ड प्लेयरसमोरून उठायला तयार नव्हते.

मुलुंड पूर्वेला 'श्रीकृपा' सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. मी शिकागोला शिकायला निघाले होते. आई दारात दह्याची वाटी घेऊन उभी, खालून ड्रायव्हरचा हॉर्न, आणि हॉलमध्ये एक घोगरा आवाज गिटारीवर गात होता.

"अहो, पोरगी चाललीय. हायवेला ट्रॅफिक असेल. बंद करा ना ते आता!"

बाबांनी नुसता हात वर केला. "बाजू संपू दे. आज अण्णांची पुण्यतिथी आहे."

हे अण्णा आमच्या नात्यातले नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबलेले आणि पुढे शिकागोच्या कारखान्यांत आलेले ते एक ब्लूज गायक होते. बाबांनी अशा सगळ्या गायक-वादकांना घरचीच नावं देऊन टाकली होती. कोणी अण्णा, कोणी नाना, अगदी तरुणपणी गेलेला तो रॉकवाला म्हणजे धाकटा. त्यांच्या पुण्यतिथ्या बाबांना तोंडपाठ. गाजलेल्या रेकॉर्डांचे वाढदिवससुद्धा. आई म्हणायची, "सासऱ्यांची तिथी मला लक्षात ठेवावी लागते, आणि ह्यांच्या डोक्यात ही अमेरिकेतली पितरं."

बाजू संपली. बाबांनी सुई उचलली, रेकॉर्ड पुसून पाकिटात घातली आणि मगच चप्पल पायात सरकवली. टॅक्सीत मी रागाने सारखं घड्याळ बघत होते. ऐरोलीचा सिग्नल मागे पडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमचे बाबा मालवणहून लालबागच्या गिरणीत आले. अण्णा शेतावरून शिकागोच्या कारखान्यात. आता तू चाललीस. आपलं सगळं घराणंच असं आहे, गो."

मला त्यात समजून घेण्यासारखं काही वाटलं नाही. मला फक्त विमान चुकण्याची भीती वाटत होती.

शिकागोत मी शिकले, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, बोरिवलीच्या निखिलशी लग्न केलं. स्नो बूट, क्रेडिट स्कोअर, ॲलर्जीच्या गोळ्या असं एकेक अंगवळणी पडत गेलं. बाबांना वाटायचं, मी रोज संध्याकाळी अण्णांच्या गल्लीतून चालत घरी जाते. फोनवर विचारायचे, "ते क्लब अजून आहेत का गो?" मी म्हणायचे, "असतील. थंडी एवढी आहे की लॅबमधून सरळ घरी येते." मग ते फोन आईकडे द्यायचे.

खरं तर बाबांना या नादाला लावलं ते बॉस्को अंकलनी. दोघं मुलुंडच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे. अंकल वाकोल्याचे. त्यांचं तिथं लहानसं बैठं घर होतं. पुण्यतिथी रविवारी आली की बाबा पिशवीत रेकॉर्ड घालून वाकोल्याला जायचे. लहानपणी मीही जायचे. दोघं समोरासमोर बसून अख्खी रेकॉर्ड ऐकायचे, मध्ये एक शब्द नाही. मी आणि अंकलचा मुलगा मेल्विन ओट्यावर कंटाळून बसलेलो. ऐकून झालं की अंकल म्हणायचे, "चल, आता जेव." बस. त्यांची मैत्री म्हणजे एवढंच होतं आणि ती चाळीसेक वर्षं टिकली.

अंकल गेले तेव्हा बाबांनी मला आठवडाभर सांगितलं नाही. मेल्विन तोवर टोरंटोला स्थायिक झाला होता. मातीसाठी येऊन, घर भाड्याने देऊन तो परत गेला. त्याच वर्षी 'श्रीकृपा' रिडेव्हलपमेंटला गेली. आई-बाबा जवळच दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि आमची बिल्डिंग पाडली. आईने मला त्याचा व्हिडिओ पाठवला होता. तिसऱ्या मजल्यावरची आमच्या स्वयंपाकघराची निळी भिंत क्षणभर उघडी पडली आणि खाली आली. मी तो व्हिडिओ पूर्ण बघू शकले नाही.

भाड्याच्या घरात बाबांचं काहीतरी बिनसत चाललं होतं. आई सांगायची, गॅस चालू राहतो, एकच प्रश्न पुन्हा विचारतात. मी म्हणायचे, "नवीन जागा आहे, होईल सवय." इतक्या लांबून माणूस दुसरं काय म्हणणार!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी मी लॅबला निघायच्या तयारीत होते, म्हणजे मुंबईत संध्याकाळ. आईचा फोन आला. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना ठाऊक आहे, आईने अवेळी फोन केला की ती 'हॅलो' म्हणायच्या आधीच आपण बसायला खुर्ची ओढतो.

"बाबा आले नाहीत गं. दुपारी जेवून बाहेर पडले, अजून पत्ता नाही. फोन इथेच चार्जिंगला."

"इन्शुलिन घेतलं होतं?"

"घेतलं. पण जेवले कुठे धड? दोन घास खाऊन उठले. म्हणाले, उशीर होतोय."

"कशाला उशीर?"

"मला काय माहीत!" आईचा आवाज फाटला. "पिशवीत ती रेकॉर्ड घेऊन गेलेत, अण्णांची."

मी कॅलेंडर बघितलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या रेकॉर्डला आज पन्नास वर्षं झाली होती. बाबा दोन वर्षांपासून या तारखेबद्दल बोलत होते. ते वाकोल्याला गेले होते, बॉस्को अंकलकडे. अंकल नाहीत हे त्यांच्या लक्षात होतं की नव्हतं, कोण जाणे.

मी टोरंटोला मेल्विनला फोन लावला. आम्ही वर्षानुवर्षं फक्त वाढदिवसाचे मेसेज टाकत आलो होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "कॉल कट करू नको. दुसऱ्या फोनवरून डॉली आंटीला लावतो." डॉली आंटी म्हणजे त्यांची शेजारीण.

तो तिच्याशी बोलत होता ते मला अर्धवट ऐकू येत होतं. मग तो पुन्हा माझ्या फोनवर आला. "यार, तुझे बाबा आले होते दुपारी. भाडेकरूंना म्हणाले, बॉस्कोला उठवा. ते लोक घाबरले, दार लावून घेतलं. मग तुझे बाबा निघून गेले."

"कुठे?"

"माहीत नाही." मग तो एकदम म्हणाला, "सिमेट्री. पप्पांना मातीला नेलं तेव्हा तुझे बाबा होते माझ्याबरोबर. आंटीला पाठवतो. चर्चच्या मागेच आहे."

त्या वेळात मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. निखिल बूट घालून, कोट चढवून दारात उभा होता. जायचं कुठे हे दोघांनाही माहीत नव्हतं, तरी त्याने कोट काढला नाही. मी आईला सांगितलं, सापडतील. ती म्हणाली, "तू तिथून सांगतेस, मी इथं बघतेय." त्यात राग नव्हता. पण ते वाक्य अजून टोचतं.

मग डॉली आंटीच माझ्याशी बोलली. धापा टाकत, पण खुशीत. "अगं, टेन्शन नको घेऊ! सिमेट्रीवाला बोलला, ते बॉस्कोजवळ बसले होते. गेट बंद करायच्या टाइमला त्याने उठवलं, पाणी दिलं, रिक्षात बसवलं. ॲड्रेस पण एकदम करेक्ट सांगितला त्यांनी."

"काय सांगितला?"

"मुलुंड ईस्ट, श्रीकृपा सोसायटी."

श्रीकृपा नव्हती. तिथे पत्रे ठोकले होते आणि पत्र्यांच्या आत पायाचा खोल खड्डा खणला होता. आई रोज भाजीला जाताना तो बघायची. "विहिरीसारखं पाणी साठलंय," असं गेल्याच आठवड्यात म्हणाली होती.

मी लगेच आईला फोन लावला. "आई, चप्पल घाल. श्रीकृपाला जा. बरोबर साखर घे."

ती चालत निघाली. फोन चालूच होता. मला तिचा श्वास, स्कूटरचे हॉर्न, कुणाच्या तरी घरातली आरती ऐकू येत होती. ती पोचली. रिक्षा आली नव्हती. वॉचमनला सांगून ती गेटपाशी उभी राहिली. एकेक रिक्षा यायची, तिचा श्वास थांबायचा, आणि रिक्षा पुढे निघून जायची. मनात नको ते येत होतं. रिक्षात शुद्ध हरपली असेल तर? ड्रायव्हरने पत्ता सापडत नाही म्हणून भलतीकडेच उतरवलं असेल तर? आईला मी विचारत राहिले, "आले?" शेवटी ती ओरडली, "सारखं विचारू नको गं!"

मग एकदम तिचा आवाज दूर गेला. "अहो! अहो, तिकडे नका!"

ते गल्लीच्या मागच्या टोकाला उतरले होते, जिथे पूर्वी आमचं मागचं फाटक होतं. तिथला एक पत्रा ट्रकसाठी सरकवलेला होता. बाबा त्यातून आत शिरत होते. आई धावली, वॉचमन तिच्या पुढे धावला. मला फक्त पत्र्यांचा खडखडाट आणि वॉचमनचं "काका, रुको, रुको!" ऐकू येत होतं. आई मागाहून म्हणाली, त्याने शर्ट धरला तेव्हा खड्डा हातभर अंतरावर होता.

मग बाबांचा आवाज, आमच्याशी एका 'गो'पलीकडे कधी न बोललेल्या मालवणीत, त्यांच्या आईच्या बोलीत. "गो, बिल्डिंग खय गेली?"

आईने आधी त्यांच्या तोंडात साखर घातली. वॉचमनच्या खुर्चीत बसवलं. मग फोन त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, मी बोलतेय."

"पोचलीस?" त्यांनी विचारलं. "विमान मिळालं ना?"

"मिळालं," मी म्हटलं. "वेळेत मिळालं."

त्याच आठवड्यात मी मुंबईत होते. डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसाचा घोळ साखर उतरल्यामुळे झाला, पण विसरण्याची सुरुवातही झाली आहे, आणि ती आता थांबणार नाही, फार तर सावकाश होईल. बाबा मला ओळखत होते. वाकोल्याचं त्यांना काही आठवत नव्हतं. रेकॉर्ड मात्र पिशवीत शाबूत होती. मी ती लावते म्हटलं, तर म्हणाले, "नको. बॉस्को येऊ दे." आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

तिला मी आमच्याकडे चला म्हटलं. "मग ह्यांनी कुठे हरवायचं?" ती म्हणाली. "इथे निदान मला गल्ल्या माहीत आहेत." ती चेष्टा करत नव्हती. तिने सकाळसाठी एक बाई ठेवली, बाबांच्या शर्टाच्या आत माझा नि तिचा नंबर लिहिलेली पट्टी शिवली, आणि वॉचमनला दिवाळीला द्यायचं तसं पैशांचं पाकीट दिलं. मेल्विन आता दर रविवारी बाबांना फोन करतो. बाबा कधी त्याला मेल्विन म्हणतात, कधी बॉस्को. तो दोन्हीला ओ देतो.

शिकागोला परतले तेव्हा बर्फ वितळत होता. एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता मी निखिलला विचारलं, "मी हरवले, तर मला कुठे शोधशील?"

तो आधी हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारात पडला. "तळ्याकाठच्या पायऱ्यांवर बघेन. तिथे नसलीस तर इंडियन स्टोअरमध्ये. गवार कोवळी आहे का ते मोडून बघत उभी असशील."

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत या शहराला मी कधी मनापासून घर म्हटलं नव्हतं. पण इथे मला शोधणारा कोणीतरी आहे, आणि तो चुकीच्या जागी जाणार नाही.

"आणि मुलुंडमध्ये हरवलीस तर?" त्याने विचारलं.

"आईला विचार," मी म्हटलं.

ती आहे तोवर हे उत्तर चालेल.