बापूशेठची गाळलेली पानं

बनुबाईंच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. काही दिवस खाली वाकायचं नाही आणि रडायचं नाही. वाकायचं काम शेजारच्या शिवांजलीनं आपल्याकडं घेतलं. रडू न देण्याचं काम नवऱ्याकडं, जोतीरामांकडं आलं. म्हणून विट्याच्या घरात रोज दुपारी जेवणं उरकली, की ते पलंगाशेजारी खुर्ची ओढत आणि फौजदार टरमाळेंच्या करामतींचं एखादं पुस्तक मोठ्यानं वाचायला घेत.

ही पुस्तकं खिशात मावतील एवढीच. स्वस्त कागद, भडक मुखपृष्ठ, आणि नावं 'मुडद्याला शिंक आली' किंवा 'कवळी चोरणारा कोण' अशी. त्यांत खून व्हायचा, पण मेलेला माणूस बहुतेक वेळा शेवटी उठून बसायचा. टरमाळे भज्यांच्या वासानं भलत्याच घरात शिरायचे आणि चोर नेमका तिथंच भजी खात असायचा. आणि प्रत्येक पुस्तकात बापूशेठ असायचा. चोरीचं सोनं डोळे मिटून वितळवणारा, कडी वाजली की घामानं सदरा भिजवणारा.

बापूशेठवर सगळ्यांत जास्त हसत ते जोतीराम. त्यांचा जन्म गलाईत गेला होता. जुने दागिने, मोड, वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं करायचं, हे गलाईचं काम. विट्याच्या पूर्वेला त्यांचं गाव. चारा संपला तसं वडिलांनी मेंढरं विकली आणि मिसरूड फुटायच्या आत मामानं त्यांना सेलमच्या दुकानात नेलं. तिथं भट्टीची धग, तेजाबाची, ॲसिडची, घशात जाणारी वाफ आणि चारी बाजूंना तमीळ. माल एकदा तेजाबात सोडला, की थांबण्यावाचून दुसरं काम नसे. त्या थांबण्यात ही पुस्तकं आली. घराकडून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी असायची, तसं एक टरमाळे असायचं. जाडजूड पुस्तक उघडलं तर भट्टी मध्येच बोलवायची, आणि दुःख वाचायची त्या वयात त्यांना हौस नव्हती. हे पुस्तक तेजाबाच्या आधी संपायचं. त्यात सगळेच मूर्ख असायचे, पोलीससुद्धा, त्यामुळं आपण एकटेच मूर्ख आहोत असं वाटायचं नाही. परमुलखात आपल्या बोलीतली शिवी वाचून ते एकटेच खो खो हसत, आणि बाहेरचा चहावाला डोकं आत घालून बघून जाई.

आता ते दुकान त्यांचा मुलगा विश्वजित चालवत होता. आणि गेल्या सोमवारपासून तो सेलमच्या पोलिसांच्या ताब्यात होता. हे बनुबाईंना ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. ऑपरेशनच्या आधी एक माणूस विट्याच्या घरी आला. नानासो म्हणाला, म्हसवडचा म्हणाला. कागदाच्या पुडीत सिद्धनाथाचा गुलाल आणला होता. जोतीरामांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आबा, बहिणीच्या लग्नासाठी घरची मोड हाय. सेलमात मी नवा. परक्याच्या हाती सोनं द्यायला जीव धजत न्हाई."

गलाईवाल्यांची एक जुनी रीत आहे. परक्याकडं दागिन्यांच्या खरेदीची पावती मागायची. आपल्या भागातल्या माणसाकडं, त्यातून कुणी थोरानं शब्द टाकलेला असला, तर मागायची नाही. मागणं म्हणजे त्या थोराचा अपमान. जोतीरामांनी उंबऱ्यावर उभं राहूनच फोन लावला. "विश्वा, आपला माणूस येतोय. कागदाचं काय इचारू नगंस."

विश्वजितनं विचारलं नाही. मोड मुशीत गेली, लगड झाली, नानासो गेला. मागोमाग पोलीस आले. दागिने एका म्हाताऱ्या बाईच्या घरातून चोरलेले होते.

सूनबाईचा, रेश्माचा, फोन रोज यायचा. जोतीराम तो परसात जाऊन घेत. "मामा, पोलीस एकच इचारत्यात, ह्या माणसाला पाठवलं कुणी. ह्यांनी सांगितलंय, कुणी न्हाई, रस्त्यावरनं आला. तुमचं नाव घेत न्हाईत. वकील म्हणतोय, रस्त्यावरच्या माणसाचं सोनं पावतीबिगर वितळवलं म्हणजे ते चोरीचं हाय हे ठाऊक असणारच. ह्यांनी मला दम दिलाय, आबांना ह्यात आणायचं न्हाई."

"बरं," असं म्हणून जोतीरामांनी फोन खिशात टाकला होता. रोज तेवढंच म्हणत होते.

त्या दुपारी त्यांनी 'नवरदेवाची अंगठी' वाचायला घेतलं. टरमाळे लग्नघरात वाढपी बनून शिरले, आमटीच्या पातेल्यात त्यांची टोपी पडली. मग पान उलटल्यावर बापूशेठचं दुकान आलं. दारावर टकटक झाली. जोतीरामांनी तीन पानं एकदम उलटली आणि पुढं वाचू लागले.

"थांबा," बनुबाई म्हणाल्या. काळ्या चष्म्याआडून त्यांचं तोंड छताकडं होतं. "बापूशेठ कुठं गेला?"

"ह्यात न्हाई त्यो."

"न्हाई कसा? अंगठी चोरीला गेलीया. बापूशेठ नसंल तर वितळवली कुणी, तुमी?"

ही त्यांची थट्टा होती. जोतीरामांच्या हातातलं पुस्तक मिटलं गेलं.

बनुबाईंनी तोंड खुर्चीकडं वळवलं. मग म्हणाल्या, "आवं, आमटीत टोपी पडली तवा तुमी हसलासा न्हाई. काल टरमाळे खुर्चीसकट पडला, तवाबी न्हाई. मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय न्हवं? जलमभर तुमीच वाचून दावलंय, ज्याला हसू येत न्हाई त्योच पुस्तकात गावतोय. सूनबाईचा फोन आला की परसात पळतासा. विश्वाचं काय झालं?"

"आधी रडायचं न्हाई म्हण."

"न्हाई रडत. बोला."

त्यांनी सांगितलं. सांगताना ते पुस्तकाच्या कोपऱ्याची घडी घालत आणि उलगडत राहिले. बनुबाईंनी चष्म्याखाली पदराचं टोक दाबून धरलं होतं.

"माझ्या हातची भाकरी खाऊन गेला त्यो नानासो," त्या म्हणाल्या. "वर ठेचा मागून घेतला मुडद्यानं." आणि मग, "पोराला म्हणावं, बापाचं नाव घे."

"त्यो घेणार न्हाई."

"मग बापानं जाऊन आपलं आपण घ्यावं."

"मलाबी आत घेतील, बनू."

"घेतील."

जोतीरामांना वाटलं होतं, ती म्हणेल, ह्या वयात कुठं जाता. त्या एका वाक्याच्या आशेवर ते आठवडाभर तिच्यापासून लपवत होते की काय, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"तुझं डोळ्याचं औषध?"

"शिवांजली घालंल. बापूशेठचं शेवटी काय हुतंय ओ?"

"टरमाळे डोळे वटारतो. मग बापूशेठ सगळं कबूल करतो आणि घरी जाऊन जेवतो."

"घरी जातोय न्हवं?"

"पुस्तकात, बनू."

त्यांनी परसात न जाता तिथंच, तिच्यासमोर, रेश्माला फोन लावला. "विश्वाला कळीव, मी येतोय. त्यानं दिलेला दम ऱ्हाऊ दे तिकडं. ज्यानं पाठवलं त्योच येतोय म्हणावं."

विट्याच्या स्टँडवरच्या पुस्तकवाल्यानं त्यांना लांबूनच ओळखलं. सेलमला निघताना एक पुस्तक घ्यायचं हा त्यांचा शिरस्ता होता. "काका, नवा टरमाळे आलाय! लय भारी!" त्यानं वर धरून दाखवलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि ते मिरजेच्या गाडीत चढले.

खिडकीशी बसून ते मनातल्या मनात तमिळीत जुळवाजुळव करू लागले. पोलिसांना कळायला हवं. सोनं, वजन, आच, चहा, उद्या या, हे सगळं त्यांना त्या भाषेत झोपेतही बोलता आलं असतं. या माणसाला मी पाठवलं, इथपर्यंत त्यांनी जुळवलं. त्याच्यापुढं 'चूक माझी आहे' असं म्हणायचं होतं. सेलममध्ये अख्खं आयुष्य गेलं, पण ते वाक्य तिथं कधी म्हणावं लागलं नव्हतं.

गाडी तासगावच्या पुढं गेली तरी ते जुळत नव्हतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "आजोबा, काय बोलताय?"

"काय न्हाई," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले.