कपड्यांच्या खळीचा इतिहास

बाई शाळेत इतिहास शिकवायच्या आणि त्यांना पीएच.डी. करायची होती. विषय होता कपड्यांना घालायची खळ. वडिलांचं धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं. लोकांच्या कॉलरी कडक करता करता वडिलांच्या बोटांची सालं निघायची, ती बाईंनी लहानपणापासून पाहिली होती. असे हात कुणाकुणाचे झाले असतील, एवढंच त्यांना शोधायचं होतं. नवरा म्हणायचा, "इतिहासात राजे असतात गं. खळ कसली काढलीस?"

विद्यापीठात कुणी हसलं नाही, पण विभागांची एक खोड असते. तोंडावर नाही म्हणत नाहीत आणि घोंगडं भिजत ठेवतात. पहिल्या विभागाचे प्रमुख म्हणाले, "विषय छान आहे हो, पण मार्गदर्शक कोण? माझा अभ्यास धान्यबाजाराचा. खळ धान्याचीच ना? बघा, जमवता आलं तर."

बाईंनी जमवलं. सुट्टी मोडून आराखडा नव्याने लिहिला. तोवर सरांकडच्या जागा भरल्या. दुसरीकडच्या मॅडमना रुग्णालयांच्या इतिहासात रस, म्हणून खळ परिचारिकांच्या टोप्यांवर चढली. पुढचे सर आयातकराचे जाणकार, तेव्हा खळ बोटीतून फिरून आली. उंबरठे झिजवता झिजवता नाकी नऊ आले. प्रत्येक वेळी हातांबद्दलचा परिच्छेद लिहायला घ्यायचा आणि हे फार घरगुती वाटेल म्हणून काढून टाकायचा, अशी त्यांना सवयच लागली.

शेवटी धान्यबाजारवाल्या सरांकडची एक जागा रिकामी झाली आणि प्रवेश मिळाला. मंजूर विषय होता, 'बंदरांतील धान्यव्यापार आणि करपद्धती'. शाळेत सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या, तास घेतले, वह्या तपासल्या आणि घरी जायच्या ऐवजी माहेरी गेल्या. पाय ओढत जिना चढल्या आणि चप्पलही न काढता खुर्चीत बसल्या.

"मिळाला ना प्रवेश?" वडिलांनी विचारलं. "मग तोंड का असं?"

"मला मिळाला, बाबा. विषयाला नाही मिळाला."

"मुळात होता तरी काय तुझा विषय? इतकी वर्षं नुसतं विद्यापीठ, विद्यापीठ ऐकतोय."

बाईंना आता काही लपवायचंही त्राण नव्हतं. "खळ," त्या म्हणाल्या. "तुमचे हात."

वडिलांनी दोन्ही हात हळूच मांडीवरच्या पंचाखाली सारले. म्हाताऱ्याला लाजच वाटली, दुसरं काही नाही.

"काय गं हे," ते म्हणाले. "एवढ्या शिकलेल्या माणसांत जाऊन हे सांगत फिरलीस?"

बाईंना रडू फुटलं.

"नाही हो, बाबा. कुठेच नाही सांगितलं."