ढोलवाला उतरेपर्यंत

कपाशीची, ज्वारीची, पाण्यापावसाची काळजी करणारी माणसं बुलढाणा जिल्ह्यात पुष्कळ झाली. पण सातासमुद्रापलीकडच्या एका ढोलवाल्याच्या काळजीनं ज्याचा सदरा ढिला झाला, असा माणूस एकच झाला आणि तो आमचा जावई होता. म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेचा नवरा. मेहकरला त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पांढरा लेंगा-सदरा, कपाळाला गंध, बोलणं इतकं हळू की समोरच्यानं दोनदा विचारावं. आणि जीव अडकलेला कुठे, तर कमरेपर्यंत केस वाढवलेल्या चार गोऱ्यांच्या धांगडधिंग्यात. त्या चौघांच्या एका जंगी कार्यक्रमाच्या व्हिडिओ कॅसेटची नक्कल त्यांनी अकोल्याहून मिळवली होती. ती लावायला एक मोडका व्हिडिओ स्वतःच पान्हे लावून चालता केला होता. जानेफळला सासुरवाडीला येताना दुपट्यात गुंडाळून, तान्हं लेकरू आणावं तसा तो मांडीवर घेऊन एसटीनं यायचे. नणंद शेजारच्या सीटवर, खरं लेकरू घेऊन.

गाण्यांतला एक शब्द त्यांना कळत नव्हता आणि कळून घ्यायचाही नव्हता. आमच्या शाळेच्या गुरुजींनी एकदा मोठ्या मनानं अर्थ सांगायची तयारी दाखवली, तर जावईबापूंनी हात जोडले. म्हणाले, "अर्थ नोका सांगू गुरुजी. अर्थ कळला की मंग मानूस वाद घालते." पंप दुरुस्त झाला की त्याच्या टाकीवर दोन्ही हातांनी ठेका धरून पाहायचे, टाकी नीट बोलली तरच गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे. मेहकर-जानेफळ गाडीच्या कंडक्टरला त्यांनीच या नादाला लावलं. तो बिचारा तिकिटं फाडायच्या आधी चिमट्यानं तोच ठेका वाजवायचा आणि जानेफळचा थांबा मागे टाकायचा. तिसरे होते पिंपळगाव राजाचे एक मास्तर. या संप्रदायाची जिल्ह्यात एवढीच शाखा.

त्या कार्यक्रमाचा कळस असा, की शेवटच्या गाण्यात ढोलवाला आपल्या दहा-बारा ढोलांसकट एका फळीवर बसून वर जायचा. धूर, ठिणग्या, खाली माणसांचा समुद्र, आणि हा गडी वाजवत वाजवत चाललाय आभाळात. पार टोकाला जाऊन फळी उलटी व्हायची. ढोल खाली तोंड करून, केस लोंबताहेत, तरी हात थांबत नाहीत. आणि तिथेच कॅसेट संपायची.

संपायची म्हणजे, मी संपवली होती.

आता सांगायला हरकत नाही. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि आपल्याइतकं शहाणं त्या घरात कोणी नाही याची मला पक्की खात्री. धाकट्या दिराच्या लग्नात शूटिंगवाला बोलावला होता. ऐन मंगलाष्टकांच्या तोंडावर त्याची कॅसेट भरली. सगळे वऱ्हाडी घड्याळाकडे बघताहेत, भटजी घसा खाकरताहेत. मी झपझप आत गेले, फळीवरची जावईबापूंची कॅसेट उचलली आणि नेऊन दिली. माझ्या मते तीत ठेवण्यासारखं काही नव्हतं. नशीब, कॅसेट शेवटाजवळ येऊन थांबलेली होती, म्हणून आधीची गाणी वाचली. लग्न आटोपलं आणि चार दिवसांनी बोभाटा झाला. मी काय केलं असेल? शूटिंगवाल्याला सगळ्यांत मोठ्या आवाजात शिव्या मीच दिल्या. जावईबापूंनी कॅसेट दुपट्यात गुंडाळली आणि घेऊन गेले.

पण तेव्हापासून एक नवी सवय लागली. कॅसेट लावली की ते टीव्हीला चिकटून उभे राहायचे, बोट बटनावर. ढोलवाला उलटा झाला की खट्‌. पडदा काळा. मला वाटायचं, पुढचं लग्न बघवत नसेल बिचाऱ्यांना. आणि मी उठून उगाच चहा टाकायला जायची.

लोकांची मात्र पंचाईत झाली. ढोलवाला उतरला कसा, हा जानेफळातला चालू विषय होऊन बसला. कोणी म्हणे दोरानं उतरवला असेल, कोणी म्हणे पडला असेल आणि घरच्यांनी झाकून ठेवलं असेल. सासूबाईंना गाण्याचं काही नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळा. तांदूळ निवडता निवडता मला विचारायच्या, "काव वं, तो लटकून राह्यला, त्याले कोनी खाली घेतलं का नाई? त्याची माय वाट पाहून राह्यली असन." मी मान खाली घालून सुपातले खडे शोधायची.

मग एक दिवस पिंपळगावच्या मास्तरांचं पत्र आलं. कुठल्याशा मासिकात छापलं होतं, की तोच कार्यक्रम कंपनी नव्यानं कॅसेटवर काढणार. रंग स्वच्छ, आवाज खणखणीत, आणि पहिल्यापासून शेवटापर्यंत. जावईबापूंनी ते पत्र दुकानात देवाच्या तसबिरीमागे खोचलं. दिवाळीला येणार म्हणाले, आली नाही. पाडव्याला येणार म्हणाले, नाही आली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, तर त्या वर्षी वाण घेताना जावईबापूंचं लक्ष ताटात नव्हतं, कंडक्टर काही निरोप आणतो का याकडे होतं. तो धोंडा गेला. तीन वर्षं सरली, दुसरा धोंडा आला. दरम्यान सासूबाई गेल्या. शेवटच्या आजारपणातही त्यांनी जावयाला विचारलंच, आणि ते म्हणाले, "उतरन आत्याबाई, नवी कॅसेट आली की उतरन."

मी गुपचूप कंडक्टरला गाठून अकोल्याच्या दुकानात माझं नाव लावून ठेवलं होतं. आणि त्या दुसऱ्या धोंड्यात, वाण द्यायच्या आदल्या दिवशी, त्यानं थांबा न चुकवता गाडी उभी केली आणि खिडकीतून पुडकं माझ्या हातात दिलं. तबकात दिवा, तेहतीस अनारसे आणि मधोमध नवी कॅसेट. जावईबापूंनी अनारशांकडे पाहिलंसुद्धा नाही.

अर्धं जानेफळ ओसरीवर जमलं. ढोलवाला वर गेला, उलटा झाला, सवयीनं जावईबापूंचं बोट बटनाकडे गेलं आणि त्यांनीच ते मागे घेतलं. फळी सुलटी झाली. हळूहळू खाली आली. दोन माणसांनी शिडी धरली आणि आपला ढोलवाला पाठमोरा, एकेक पायरी चाचपत, माळ्यावरून कडबा काढून उतरावं तसा उतरला. टॉवेलनं तोंड पुसलं. बस. एवढंच. कोणी तरी म्हणालं, "हात्तिच्या." जावईबापू सासूबाईंच्या रिकाम्या पाटाकडे बघून हळूच म्हणाले, "उतरला."

दुसऱ्या दिवशी जाताना त्यांनी व्हिडिओ आमच्याकडेच ठेवला, आणि जुनी कॅसेट माझ्या हातात दिली. म्हणाले, आता तुमच्याकडे राहू द्या. दुपारी सगळे शेतात गेल्यावर मी ती लावली. ढोलवाला उलटा झाला, आणि खट्‌ करायला कोणी नव्हतं. पडद्यावर मुंग्या आल्या, आणि त्यातून कोण निघालं, तर मी. नायलॉनची साडी, कानामागे गजरा, चेहऱ्यावर जगाची अक्कल. थेट कॅमेऱ्यात बघून ठसक्यात सांगतेय, "भरा बिनधास्त भाऊ, तिच्यात काई नाई. नुसता गोंधळ हाये." मागे ओट्यावर सासूबाई, कोणाला तरी अक्षता वाटत.

पुढच्या खेपेला मेहकरला गेले तेव्हा मी दुकानातच विचारलं, इतके दिवस बोलले काऊन नाही. ते पान्हा पुसत होते. म्हणाले, "शूटिंगवाला एका दिवसाचा पाहुना होता वहिनी. शिव्या खाल्ल्या अन्‌ गेला. तुम्हाले त्या घरात जलमभर राहाचं होतं."

आता जावईबापू नाहीत. तो व्हिडिओही नाही, कॅसेटला बुरशी आली. परवा माझ्या नातीनं तो सगळा कार्यक्रम फोनवर शोधून दिला. तळहाताएवढा ढोलवाला, तोच धूर, त्याच ठिणग्या. तो वर गेला, उलटा झाला, आणि माझं बोट आपसूक पुढे जाऊन फोनवर टेकलं. नात म्हणाली, "आजी, काऊन थांबवलं? उतरू दे ना त्याले."

म्हटलं, राहू दे गं थोडा वेळ वर.