लांडगीण आणि माझी कवळी

लांडगिणीला भेटायला गेले तेव्हा मी कवळी काढून ठेवली नाही. नातीने दोनदा बजावलं होतं. पण तेव्हा मी तरुण होते, अडुसष्टची, आणि अक्कल अजून यायची होती. परक्यांसमोर बोळकं तोंड घेऊन जायचं म्हणजे काय! वरची कवळी जरा सैल होती, जेवताना हलायची, हे मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. "घट्ट आहे गं बाई," म्हटलं आणि वर चेहऱ्याला पावडर लावली. लांडगिणीसाठी.

मुळात मी गेले होते ती नातीला परत आणायला. नाशिकबाहेर जखमी आणि पोरक्या प्राण्यांचा एक निवारा आहे, तिथे ती कामाला होती. पिंजरे धुवायचे, औषधं द्यायची, पगार जेमतेम. तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या मुलाने, अंबडच्या एका कंपनीत ऑफिसच्या कामासाठी शब्द टाकून ठेवला होता. पोरगी ऐकेना. शेवटी तो म्हणाला, "आई, तू जाऊन बघून ये. तू म्हणशील ते फायनल." मी मनातल्या मनात तिचा अंबडचा डबासुद्धा भरून टाकला होता.

लांडगीण डोळे उघडायच्या आधीच माणसांच्या हातात आलेली, बाटलीच्या दुधावर वाढलेली. रानात तिला जगता आलं नसतं, म्हणून जाळीच्या आतल्या माळावर राहायची. तिथल्या मोठ्या बाईंनी आत जायची परवानगी दिली. नातीने मला एका दगडावर बसवलं. "हात पुढे करू नकोस. रोखून बघू नकोस. तिला यायचं तेव्हा येईल."

आली. धुळीच्या रंगाची, लांब बारीक पायांची, मान खाली घालून. चपला हुंगल्या, पदर हुंगला, गुडघ्यावरचा बाम तर फारच वेळ हुंगला. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात सासूबाईंनीही इतकी चौकशी केली नव्हती. मग तिने पिवळे डोळे वर केले, आणि मी शहाणी, तोंडभर हसले.

तिने पुढचे पाय माझ्या मांडीवर टेकले आणि थेट दात चाटले. त्यांच्यात नमस्कार असा असतो म्हणे. जीभ आत, कवळी बाहेर. मांडीवर पडलेली कवळी तिने उचलली आणि माळाच्या टोकाला जाऊन बसली.

मी उठणार तोच नात हळूच म्हणाली, "आजी, जागची हलू नकोस. मागे लागलो तर गिळेल ती."

मी परत दगडावर टेकले. घशात अडकली तर जनावर जाईल, आणि पोरीची नोकरी आजच्या आज जाईल. म्हणजे मी ज्यासाठी आले होते तेच होईल. आणि एकदम मला ते नको झालं.

नात पाठ फिरवून खाली बसली आणि काडीने माती उकरायला लागली. लांडगिणीकडे बघेचना. उकरायचं, खड्ड्यात डोकवायचं, परत उकरायचं. मलाच वाटायला लागलं, काय सापडलंय जाऊन बघावं. लांडगिणीचे कान उभे राहिले. चार पावलं आली, थांबली, परत फिरली, परत आली. घरी चहा उकळेपर्यंत जिला दम धरवत नाही ती पोरगी कपाळावरचा घामही पुसत नव्हती.

शेवटी लांडगिणीने कवळी टाकली आणि नाक खड्ड्यात घातलं. तिथे कोंबडीचा तुकडा होता. नातीने तो कधी ठेवला मला दिसलंच नाही. कवळीवर हलकेच पाय ठेवून ती लांडगिणीची मान खाजवत राहिली. दोघींनाही काही घाई नव्हती.

बाहेर नळावर तिने साबणाने कवळी धुतली. एका दाताचा टवका उडाला होता. मी तोंडावर पदर धरून म्हटलं, अंबड राहू दे, तू इथेच राहा. बोळक्यातून काय बाहेर पडलं देव जाणे. तिने परत विचारलं, मी परत म्हटलं. तिचे डोळे भरले, मग हसू फुटलं. बाबांचा नंबर लावता लावता ती म्हणाली,

"आजी, त्यांना तूच सांग. पण आधी दात घाल, नाहीतर त्यांना 'अंबड' तेवढंच कळायचं."