गॅलरीतला निळा टब

माझ्या भावाने निळा टब आणला तेव्हा बाबांना दिवसाला लिटरभरच पाणी प्यायची परवानगी होती. हृदय थकलं होतं, पायांवर सूज यायची. सकाळी मी तांब्यात पाणी मोजून ठेवत असे आणि दिवसभर त्यातूनच घोट घोट देत असे. कर्वेनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा बाबा आणि मी दोघेच राहत होतो. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते.

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. संगणकाचं शिकून तो हिंजवडीतल्या कंपनीत लागला, लग्न झालं, धायरीला फ्लॅट घेतला. कंपनीतल्या एका मित्राबरोबर तो एका नव्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला जाऊ लागला. ती मंडळी दर रविवारी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमायची. आमच्या जुन्या दगडी चर्चमध्ये उपदेश सुरू झाला की पेंगणारा माझा भाऊ तिथे रडला, असं त्यानेच मला सांगितलं. काही महिन्यांनी एका शेतातल्या हौदात बुडी घेऊन त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला.

पुन्हा, असं आम्ही म्हणायचो. तो म्हणायचा, पहिल्यांदाच. तो दोन महिन्यांचा असताना आमच्या पाळकांनी त्याच्या कपाळावर शिंपडलेलं पाणी त्याच्या हिशेबी धरायचं नव्हतं. ते पाणी त्याच्या कानात ओघळलं होतं आणि आईने ते पदराने टिपलं होतं, हे मला आठवतं.

बाबा शाळामास्तर. तीस वर्षं मंडळीचं रजिस्टर तेच लिहीत होते. बाप्तिस्मा, वयात आल्यावरचं दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि शेवटी शेरा. कुणी दुसरीकडे गेलं की शेऱ्यात ते ‘मंडळी सोडली’ असं लिहीत. भावाच्या ओळीतला शेरा त्यांनी कोराच ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, “सोडली की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे. माझ्या दौतीला घाई नाही.”

सुरुवातीला घरात या विषयावर वाद व्हायचे, पण ते जेवणाच्या ताटावरचे. भाऊ म्हणायचा, “बाबा, समजून उमजून पाण्यात उतरल्याशिवाय तो बाप्तिस्माच नाही. आणि त्याशिवाय तारण कसं?” बाबा भात कालवत म्हणायचे, “तारण पाण्याच्या खोलीवर असेल, तर मुठा नदीतल्या म्हशी आपल्या फार पुढे गेल्या.” भाऊसुद्धा हसायचा.

बाबांचं दुखणं वाढलं तसं त्याचं हसणं थांबलं. एका रविवारी तो गाडीच्या मागच्या सीटवर तो मोठा टब आडवा घालून आला. वर्तुळाकार, निळा, तळाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली.

“पास्टर घरी यायला तयार आहेत, ताई,” तो मला स्वयंपाकघरात म्हणाला. “पाणी कोमट करू. दोघे मिळून बसवू त्यांना. पाच मिनिटांचं काम.”

“त्यांना चार पावलं चालून धाप लागते.”

“म्हणूनच म्हणतोय.”

“त्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे. ऐंशी वर्षं त्यांनी त्यावर काढली.”

“आणि नसला झाला तर? मी वर जाईन आणि ते तिथे नसतील तर? तू वाचतेस एवढं, तू सांग.”

मी सांगितलं नाही. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांतले दोन्ही बाजूंचे मुद्दे मला पाठ होते. पण त्याचा प्रश्न मुद्द्यांचा नव्हता. त्याचे डोळे लाल होते आणि मी ते जागरणामुळे आहेत असं ठरवून टाकलं. अमेरिकेतल्या क्लायंटसाठी तो रात्री काम करायचा.

बाबांनी पलंगावरून टब पाहिला. म्हणाले, “छान. चादरी भिजवायला होईल.” भाऊ न जेवता गेला. मी टब गॅलरीत नेऊन भिंतीला टेकवला.

पुढच्या मंगळवारी मी बाबांचे पाय पुसत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “टबाचं काय केलंस?”

“गॅलरीत आहे.”

“रविवारी बोलव त्याला. पास्टरांनाही घेऊन ये म्हणावं. बसतो मी त्यात.”

“बाबा, तुमचा बाप्तिस्मा झालाय.”

“झालाय की. तो काय वाहून जाणार आहे?” थोडा वेळ ते श्वास घेत राहिले. “पोराला झोप येत नाही गं.”

मी हो म्हटलं. आणि फोन केला नाही.

डॉक्टरांचं कारण माझ्यापाशी होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला आई दिसत होती. तिच्याही कपाळावर फक्त पाणी शिंपडलेलं होतं. त्यावर विसंबून ती जगली, आणि बाबांचा हात धरून, जराही न भिता गेली. बाबा त्या टबात बसले की ते पाणी अपुरं होतं असं आम्हीच कबूल केल्यासारखं होणार होतं. मग आई कुठे राहिली? तिला आता कोण कुठल्या टबात बसवणार?

गुरुवारी बाबांनी विचारलं, “केलास फोन?”

“केला. कामात आहे तो. कळवतो म्हणाला.”

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड वळवलं. मुलाला यायला सवड नाही, असं त्यांना वाटलं असणार. शनिवारी सकाळी ते गेले. शुक्रवारी भरलेल्या तांब्यात अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक होतं.

आईच्याच कबरीत त्यांना ठेवलं. माती टाकताना भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, “शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही त्यांनी.” मी गप्प राहिले. त्या क्षणी बोलले असते तर बरं झालं असतं, हे मी नंतर अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. रजिस्टर माझ्याकडे आलं. बाबांच्या ओळीत मृत्यूची तारीख मी लिहिली. भावाचा शेरा मीही कोराच ठेवला.

तो येत राहिला. मार्केट यार्डातून फुलं घेऊन यायचा आणि मला द्यायचा, कबरीवर मात्र यायचा नाही. मृतांसाठी आता काही करता येत नाही, असं त्यांच्या मंडळीत शिकवतात. टबात मी खरोखरच चादरी भिजवत होते.

गेल्या पावसाळ्यात गॅलरीत उभं राहून चहा पिताना त्याने टबाकडे पाहिलं आणि म्हणाला, “टाकून का देत नाहीस, ताई? त्यांना नको होता, संपलं.” तेव्हा मी सांगितलं. मंगळवारचं, गुरुवारचं, फोनचं. आईचंही सांगितलं.

तो ओरडला नाही. कप कठड्यावर ठेवला. म्हणाला, “आईचं मला सुचलं नसेल, असं वाटलं तुला?”

मी माझाही कप खाली ठेवला.

“तिच्या वेळी मी आपल्याच चर्चमध्ये होतो. तिला तसंच जाऊ दिलं. मग निदान बाबा तरी...”

मग त्याने विचारलं, “नेमकं काय म्हणाले होते?”

मी शब्दन् शब्द सांगितला. तो काय वाहून जाणार आहे. पोराला झोप येत नाही गं. त्याने पुन्हा सांगायला लावलं, मी पुन्हा सांगितलं.

“म्हणजे स्वतःसाठी नव्हतं त्यांचं,” तो म्हणाला. “मग आमच्यात तसा होकार धरत नाहीत.”

“आणि तू?”

त्याने बेसिनवर तोंड धुतलं, बूट घातले. दारात थांबून म्हणाला, “गुरुवारी मी घरीच होतो, ताई. सुट्टी होती मला.”

त्यानंतर तो अजून आलेला नाही. फोन केला तर उचलतो, तब्येतीचं विचारतो. टब मी धुऊन, पुसून गॅलरीत पालथा घातला आहे. चादरी बादलीत भिजवते.