कुलूपबंद गोठ्यातली चंद्री

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी मंगळवार पेठेत राहतो, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो... त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

इलेक्ट्रॉनसारख्या बारक्या वस्तू कुणी बघेपर्यंत एका ठरावीक जागी असतातच असं नाही, आणि बघितलं की त्यांचं वागणं बदलतं. मोठ्या वस्तूही तशाच का, हे शास्त्रज्ञ प्रयोग करून तपासतायत — आधीपेक्षा मोठी, मग त्याहून मोठी वस्तू घेऊन. वर्गात मी हा विषय एका वाक्यात उडवून लावायचो, "म्हैस बघा नाहीतर नका बघू, ती गोठ्यातच असणार."

गेल्या पावसाळ्यात कोडोलीला धाकट्या भावाकडे, सर्जेरावकडे गेलो होतो. त्याची एकुलती एक म्हैस, चंद्री, पहिल्यांदाच व्यायला झाली होती. नजर लागू नये म्हणून त्याच्या बायकोनं, सुनीतानं, गोठ्याला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली होती. दुपारी तीनच्या सुमारास मी म्हटलं, दाराच्या फटीतून बघून येतो.

"बघू नगा भावजी. पहिलं वेत हाय तिचं."

"अगं, माझ्या बघण्यानं एवढ्या मोठ्या जनावराला काय होतंय?"

"हुईल न्हायतर न्हाय. पर बघू नगा की."

एरवी मी हट्टाला पेटलो असतो. पण चहा आला आणि मी बसलो.

अर्ध्या तासात धडाडकन आवाज... गोठ्याचं आढं मोडून कौलांसकट खाली आलं होतं. सुनीताकडून किल्ली घेऊन कुलूप मीच उघडलं. चारी भिंती जागेवर. चंद्री बांधली होती तिथं कौलांचा ढीग. सर्जेरावनं तिला लेकरासारखी वाढवली होती, तो वेड्यासारखा हातानं कौलं उपसू लागला. खाली दावं मिळालं. एक टोक खुंट्याला, दुसऱ्या टोकाला गळ्याचा फास, गाठ तशीच. म्हैस नव्हती.

तेवढ्यात मागून रेकण्याचा आवाज आला. उसाच्या बांधावर चंद्री उभी होती, ओलं रेडकू चाटत. सर्जेराव तिच्या गळ्यात पडून रडला. खोटं कशाला सांगू, मीही रडलो. जीव भांड्यात पडला होता.

नंतर मी गोठा इंच इंच तपासला. किल्ली एकच, दार शाबूत, आणि त्या फासातून तिची शिंगं निघणं शक्यच नाही.

चिकाचा खरवस वाढताना सुनीता म्हणाली, "भावजी, तवा तुम्ही बघितलं असतं, तर ती आतच घावली असती न्हवं?"

म्हशीचं ते वाक्य मी वर्गात सांगायचं बंद केलंय... आणि त्या फटीला डोळा लावला नाही हे आठवलं, की अजूनही सुटल्यासारखं वाटतं.