कजाग नेमकं कोण?

मैत्रिणींनो, आज दुपारी चितेगावला, पुतणीच्या साखरपुड्याच्या पंगतीत, माझ्या दिरानं नव्या व्याह्यांना माझी ओळख करून दिली, "जपून बोला, आमची वहिनी लई कजाग हाय."

नवरा गेल्यावर मी शेतातला वाटा मागितला, तेव्हापासून मला हेच नाव आहे. या शब्दाचं मूळ मी कधीच शोधून ठेवलं होतं.

मी हसून म्हणाले, "भावजी, हा शब्द मूळचा तुर्की. तिकडं कझाक म्हणजे कुणाला न जुमानणारा स्वार. फारसीत त्याचा लुटारू झाला आणि मराठीत भांडखोर बाई. पण भावाचं शेत तर तुम्ही दाबलंत. मग कजाग कोण?"

व्याही त्यांच्याकडं बघतच राहिले. भावजी भरल्या ताटावरून उठले. मी पोटभर जेवले. खरं सांगते, लई गार वाटलं.

तुमच्याकडं कजाग कुणाला म्हणतात?